पश्चिमेकडच्या नऊ कुंड्या

६ फेब्रुवारी

भाऊजी,

सहा वर्षांनी माझं पत्र पाहून आधी वाईटच शंका येईल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की आम्ही दोघं बरे आहोत. फोन केला असता, पण इथे टेकडीवर आवाज तुटतो आणि मग माणूस नको तेवढं ओरडून बोलतो.

काम तुमच्याच धंद्यातलं आहे. मला कुंड्या हव्यात. मागचं अंगण तुम्हाला आठवत असेल. राखाडी फरशी, एक दगडी बाक, बाकी काही नाही. दोन बाजूंना गवत आणि झाडं, आणि पश्चिमेला फरशी संपते तिथून थेट उतार, खाली ओढ्यापर्यंत. ना कठडा, ना कुंपण. आराखडा काढत होते तेव्हा मी कठड्याचं विचारलं होतं, तर हे म्हणाले, "समोर एवढा डोंगर असताना आपण कशाला मध्ये बोलायचं?"

आता मला वाटतं, थोडं काहीतरी असावं तिथे. शोभेला. नऊ कुंड्या, लांबट, कमरेएवढ्या उंच. सगळ्या पश्चिमेच्या कडेला. रंग तुम्ही ठरवा. शक्य तितक्या लवकर कळवा.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा कुशलासाठी, एकदा मापांसाठी, आणि एकदा अक्षर तुमचंच आहे ना याची खात्री करायला.

ज्या घरातून माझ्या दोन कुंड्या, आल्या त्याच टेम्पोने, परत गेल्या, त्या घराला आता नऊ हव्यात. घर पुरं झालं तेव्हा मी दोन महिने खपून निळ्या झिलईच्या कुंड्या केल्या होत्या. दादा चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "छान आहेत. दुकानात शोभतील." मी हसलो, त्या उचलून परत टेम्पोत चढवल्या, आणि तेव्हापासून तुमच्याकडे पाऊल टाकलं नाही. आता राग राहिलेला नाही. म्हणजे थोडा आहे, पण त्याचा त्रास होत नाही.

आता कामाचं बोलतो. हल्ली गिऱ्हाईक 'प्लांटर' म्हणतं, त्यामुळे कुंडी जरा शिकल्यासारखी वाटते. आपण कुंडीच म्हणू. तुमच्या अंगणाचं असं आहे की तिथे बाग आधीच आहे, आणि ती डोंगराएवढी आहे. अशा ठिकाणी कुंडीने मिरवायचं नसतं. नऊ कशाला, तीन पुरेत. फरशीच्याच रंगाच्या, बुटक्या, रुंद, एका कोपऱ्यात जवळजवळ ठेवलेल्या, आणि बाकीची फरशी मोकळी. आत फुलझाडं नकोत. उतारावरचंच गवत लावा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटेल की उतारच दोन पावलं अंगणात आलाय. दादासारखं माझं शिक्षण नाही, पण चाळीस वर्षं लग्न न करता साचेच केले, तेव्हा एवढं कळतं.

आणि एक. दादाला हे ठाऊक आहे का? त्याच्या हातच्या दोन ओळी आल्या की काम धरतो.

तुमचा दीर

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

यांचा उजवा हात दुखतो, म्हणून त्यांच्या ओळी पाठवता येत नाहीत. त्यांना विचारलं. म्हणाले, "तुला हवं तसं कर."

तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. तीन बुटक्या तिथे फार छान दिसतील यात शंकाच नाही. पण मला नऊच हव्यात, आणि उंच. एकमेकींना जवळ, मध्ये चार बोटांहून जास्त फट नको. वजनाला इतक्या जड की रिकामी असली तरी एका माणसाने ढकलून हलता कामा नये. इथे वारा फार असतो. आत झुडूप लावीन, दाट वाढणारं.

हट्ट समजा. इतक्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही.

वहिनी

४ मार्च

वहिनी,

दादाने उभ्या जन्मात कोणाला "तुला हवं तसं कर" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आमची आई पडदे बदलायची तेव्हासुद्धा हा पट्टी घेऊन उभा असायचा. तेव्हा हे वाक्य त्याचं नाही.

मग खरं काय ते मी सांगू? घर विकायला काढलंय. बघायला येणारे कड बघून घाबरतात, कठडा मागतात, आणि तो तुम्ही कुंड्यांच्या नावाखाली माझ्याकडून करून घेताय. नऊ कुंड्या, प्रत्येकी तीन फूट, मध्ये चार बोटांची फट. वहिनी, ही भिंत आहे. वाऱ्याचं म्हणाल तर सिमेंटची भरलेली कुंडी वाऱ्याने हललेली मी अजून पाहिली नाही.

दादाशी माझं पटलं नाही, पण ते अंगण त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे. एवढं मी रागातही नाकारलं नाही. त्याच्यावर भिंत घालायला माझा हात धजत नाही. रागावू नका. तीन बुटक्या आजच साच्यात धरल्या. एकवीस दिवस पाणी मारावं लागतं. महिनाअखेर टेम्पोने पोचतील. कुठे ठेवायच्या त्याचा कागद टेम्पोवाल्याजवळ देतो. पश्चिमेचा डावा कोपरा, कडेपासून एक पाऊल आत. तुमच्याकडून काहीही घेणार नाही. पसंत पडल्या नाहीत तर परत पाठवा, तुमच्या घरातून परत यायची मला सवय आहे.

तुमचा दीर

२ एप्रिल

भाऊजी,

कुंड्या पोचल्या. तुमच्या कागदाप्रमाणे ठेवून घेतल्या. सुंदर आहेत. फरशीतूनच वर आल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी हे त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

मला उंच हव्या होत्या. असो.

घर विकत नाही आहोत.

वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

तुमचं 'असो' गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात बसलंय. पण दादाने दोन फेऱ्या मारल्या हेही बसलंय, आणि ते जास्त. त्याने तोंडाने काही म्हटलं नसेल, हे मी धरून चालतो. फेऱ्या मारल्या म्हणजे त्याला दोष सापडला नाही. दोष सापडला असता तर पहिल्याच फेरीत सांगितला असता.

गवत लावलंत का? पहिले दोन महिने पाणी बेतानेच घाला. तळाच्या भोकावर खडीचा थर मुद्दाम जाड दिलाय. पाणी फरशीवर उतरून डाग पडत असतील तर कळवा, खाली पाय बसवून देतो. आणि एखादा फोटो पाठवा. कारखान्यात दोन कामगार आहेत, त्यांना दाखवीन. मी काही त्यांना सांगितलेलं नाही की ते घर माझ्या भावाचं आहे. म्हणजे परवा सांगितलं.

तुमचा दीर

२० मे

वहिनी,

माझं पत्र मिळालं नाही का? फोनही लावून पाहिला, नुसता वाजत राहतो. चूक झाली असेल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमचा दीर

१ जून

भाऊजी,

दोन्ही पत्रं मिळाली होती. मी घरी नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात होते, यांच्याजवळ. आता सगळं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी हे पेन्सिल हातात धरून मला म्हणाले, "ही कशासाठी असते ते माहीत आहे, नाव आठवत नाही." आम्ही हसलो. मग खोल्या चुकायला लागल्या. स्वतः बांधलेल्या घरात ते न्हाणीघर शोधत फिरायचे. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, कमी होणार नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना रोज दुपारी कामावर जायचं असतं. बूट घालतात, अंगणात येतात आणि सरळ पश्चिमेकडे चालू लागतात. कड आहे हे त्यांना कळत नाही. जानेवारीत एकदा मी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं. त्यांनी वळून मला विचारलं, "तुम्ही कोण?"

कठडा घालता आला असता. गवंडी गावात आहे. पण भिंत, कुंपण, दाराची कडी, काहीही दिसलं की ते घाबरतात, हातांनी ढकलत राहतात, रडतात. मला वाटलं, कुंड्या असतील तर त्यांना कोंडल्यासारखं वाटणार नाही. झाडं आहेत असंच वाटेल. म्हणून नऊ. म्हणून उंच. म्हणून जड.

तुम्हाला खरं का लिहिलं नाही, याचा दवाखान्यात बसून पुष्कळ विचार केला. तुम्ही यांच्यावर रागावलेले होतात. मला वाटलं, कोणाच्या तरी मनात हे अजून तसेच आहेत. ताठ, तिरकं बोलणारे, हातात पट्टी घेतलेले. ते तसेच राहू द्यावेत. मी एक वाक्य लिहिलं असतं तर तुमच्या मनातलेही ते गेले असते.

एप्रिलच्या सातव्या दिवशी दुपारी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. पाठ होती माझी. यांना बुटकी कुंडी पायरीसारखी वाटली असावी. तिच्यावर पाय ठेवून चढले आणि पलीकडे उतरायला गेले. ओढ्यापर्यंत गेले नाहीत, पंधरा-वीस फुटांवर झुडपात अडकले. मांडीचं हाड मोडलं, खुब्याजवळ. वर आणायला गावातली सहा माणसं लागली.

दोष तुमचा नाही, असं लिहिणार होते. पण तुमच्याशी एकदा खोटं बोलून काय झालं ते पाहिलं. पहिले पंधरा दिवस मी तुम्हालाच दोष दिला. जेवताना, यांचे केस विंचरताना. आता नाही देत. मी खरं लिहिलं असतं तर तुम्ही नऊ केल्या असत्यात.

त्या तीन कुंड्या मी त्याच माणसांकडून ओढवून शेडमागे टाकल्यात. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांत आधाराने चालतील.

वहिनी

८ जून

वहिनी,

पत्र वाचून कारखाना बंद केला आणि बसून राहिलो. मग उघडला.

नऊ कुंड्यांचे साचे लावले आहेत. लांबी तीन फूट, उंची कमरेएवढी, भिंतीची जाडी नेहमीच्या दुप्पट, आत तारेची जाळी. दोन माणसांना हलणार नाहीत. कडा गोल घेतो, म्हणजे आपटलं तरी लागू नये. तो चालायला लागायच्या आत पोचल्या पाहिजेत, एवढंच डोक्यात आहे.

मी घर विकण्याचं लिहिलं होतं. ते वाक्य फाडून टाका.

येऊ का, हे विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही बोलावलंत तर दुसऱ्या दिवशी निघेन.

तुमचा दीर

१६ जुलै

वहिनी,

नऊही पाठवल्या आहेत. सोबत चार माणसं आणि लोखंडी पाइप दिलेत, ते जागेवर सरकवून देतील. मोजून फट चार बोटांचीच ठेवायला सांगितलं आहे.

बोलावणं आलं नाही. समजलो.

तुमचा दीर

२५ जुलै

भाऊजी,

कुंड्या सांगितल्या तशा लागल्या. माणसं चांगली होती, फरशीला ओरखडा आला नाही. मी हात फिरवून पाहिला, कडा खरंच गोल आहेत. आता माणूस काय, म्हैससुद्धा पलीकडे जाणार नाही.

पण हे चालणार नाहीत. हाड जुळलं, पण पाय टाकायचा असतो हेच ते विसरले. डॉक्टरांनी परवा तसं स्पष्ट सांगितलं. आता चाकाची खुर्ची आहे. सकाळी मी त्यांना अंगणात आणते, चाकं अडकवते, आणि खुर्चीत बसल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर बरोबर कुंडीचं सिमेंट येतं. नऊच्या नऊ. डोंगराचा वरचा माथा तेवढा दिसतो. आधी ते तासन्‌तास समोर बघत बसायचे. आता मान खाली घालून बसतात. तक्रार करत नाहीत, कारण काय नाहीसं झालंय ते त्यांना सांगता येत नाही.

मी एक कुंडी सरकवायला गेले होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणेच जड आहेत.

तुम्हाला बोलावलं नाही त्याचं कारण राग नव्हे. हे तुम्हाला ओळखणार नाहीत. तुम्ही दारात उभे राहाल, हे नुसतं बघतील, आणि तुम्हाला वाटेल की सहा वर्षांनीही दादा बोलला नाही. ते मला बघवलं नसतं.

आता बोलावते. या.

वहिनी

२९ जुलै

वहिनी,

रविवारच्या बसने येतो. पहार आणि पाइप घेऊन.

तुमचा दीर

२४ ऑगस्ट

वहिनी,

पोचलो, पण लिहायला दोन आठवडे लागले. पाठ अजून धरलेली आहे. चाळीस वर्षांत नऊ कुंड्या एकट्याने हलवल्या नव्हत्या. पण त्या घराच्या दोन्ही अंगांना भिंतीलगत बऱ्या दिसतात. पश्चिम पुन्हा मोकळी झाली, ते तर सगळ्यात बरं. निघताना एकदा दादाच्या खुर्चीत बसून पाहिलं. ओढ्याच्या पलीकडची झाडं, मागे डोंगर आणि मध्ये काही नाही. कुंड्या कुठे आहेत ते मान वळवल्याशिवाय कळतही नाही. जिथे मुळातच काही नको, तिथे कुंडी ठेवूच नये, एवढं धंद्यातलं शहाणपण मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

तुम्ही सगळं पाहिलंतच. त्याने पहिल्या दिवशीच मला मिस्त्री ठरवलं, आणि मी पाच दिवस मिस्त्री झालो. पण तिसऱ्या दिवशी तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हाचं तुम्हाला सांगितलं नाही. समोर बसून सांगता आलं नसतं.

मी पाचवी कुंडी पाइपवर घेत होतो. तो खुर्चीतून बघत होता. अचानक म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला भाऊ आहे?"

मी म्हटलं, "आहे. एक मोठा."

"काय करतो?"

"घरं बांधतो."

"चांगली बांधतो का?"

"एक तर फारच चांगलं बांधलंय."

त्याने मान हलवली. मी कुंडी आणखी हातभर सरकवली. मला वाटलं विसरला. मग म्हणाला, "मलाही आहे. धाकटा. कुंड्या करतो. हाताला फार सफाई आहे त्याच्या. मी एकदा लोकांसमोर काहीतरी बोललो. तेव्हापासून येत नाही."

मी म्हटलं, "येईल की."

"नाही येणार. मानी आहे."

वहिनी, मी पहार खाली ठेवली होती. तोंड उघडलं होतं. मीच तो, एवढंच म्हणायचं होतं. पण तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी नीट काम करतोय ना, एवढंच त्याला बघायचं आहे. म्हणाला, "ती डावीकडची दोन बोटं आत घ्या. रेषेत नाही." मी वाकून बघितलं. खरंच रेषेत नव्हती. आत घेतली.

इथे आल्यावर मुकाट कामाला लागलोय. कामगार विचारतात, कसं आहे घर. मी म्हणतो, छान आहे.

तुमचा दीर

२ सप्टेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र ओट्याशी उभ्यानेच वाचलं. यांना वाचून दाखवावं असं क्षणभर वाटलं, मग घडी घालून ठेवलं. ते जे तुमच्याशी बोलले ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत, बरे होते तेव्हाही नाही. मला वाईट वाटावं की बरं, हे ठरत नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी विचारतात, "मिस्त्री आले नाहीत?" मी म्हणते, सुट्टीवर आहेत. तर म्हणतात, "काम अर्धवट टाकून जातात ही माणसं." मागचं अंगण पूर्ण मोकळं आहे, काम काही राहिलेलं नाही, पण त्यांच्या मते राहिलंय. काल तर त्यांनी बोटाने हवेत रेघा काढून मला नीट समजावलं. उत्तरेकडची शेवटची कुंडी पुढे आलेली आहे, ती मागे गेली पाहिजे. मी जाऊन पाहिली. मला तरी सरळ वाटते. तुम्ही येऊन बघा.

ते आनंदात असतात म्हणायला हरकत नाही. सकाळभर डोंगराकडे बघतात. ओढ्यावर बगळे उतरले की मोजतात, आणि चारनंतर पुन्हा एकपासून सुरू करतात.

माझं विचाराल तर, मला ते आता 'बाई' म्हणतात. "बाई, चहा झाला का?" "बाई, ऊन आलं, खुर्ची आत घ्या." नाव गेलं त्याला वर्ष होऊन गेलं. गावातला दूधवाला 'मॅडम' म्हणतो, दवाखान्यात 'पेशंटबरोबरच्या' म्हणतात. मला याचं काही वाटत नाही असंच मी धरून चालले होते. मग तुम्ही पाच दिवस येऊन राहिलात. वहिनी, पाइप कुठे ठेवू. वहिनी, जरा पाणी द्या. वहिनी, बसा हो तुम्ही, मी बघतो. त्या शनिवारी तुमची बस गेल्यावर मी भांडी घासायला लागले, आणि मागून कोणी हाक मारेल म्हणून दोनदा नळ बंद करून उभी राहिले.

तेव्हा या. महिन्याने या, दोन महिन्यांनी या. ह्यांच्यासाठी मिस्त्री म्हणून या, कुंडी दोन बोटं मागे घ्या, पुढच्या खेपेला पुढे घ्या. त्यांना काही दिवसांनी पुन्हा चूक सापडेलच. पहार इथेच राहिली आहे, ती मी पुसून तेल लावून ठेवली आहे, येताना ओझं करू नका.

आणि स्वयंपाकघरात आलात की मोठ्याने हाक मारत जा. मला ऐकू येतं, तरी मारा.

वहिनी